शिंपले कोण खाणार

पाइप कापला तेव्हा आतून पाणी आलंच नाही. आधी वास आला, उन्हात राहिलेल्या मासळीच्या टोपलीसारखा. मग भीमसिंगने कापलेला तुकडा उजेडाकडे धरला, तर आत चहूबाजूंनी काळे शिंपले दाटून बसलेले. मक्याच्या कणसावर दाणे बसतात तसे, फक्त आतल्या अंगाने. मधे बोट जाईल एवढंच भोक उरलं होतं. सावळदरी गावाला तीन दिवस नळाचं पाणी का आलं नाही, ते आता समजलं.

भीमसिंग गावच्या पाणीयोजनेचा पंप चालवायचा. तलावाच्या काठाशी जॅकवेल होती, म्हणजे सिमेंटची तीस फूट खोल गोल विहीर. तलावाचं पाणी पाइपातून तिच्यात उतरायचं आणि मोटर ते गावाच्या टाकीत चढवायची. नऊ वर्षं तो हे काम करत होता, पण असले शिंपले त्याने पाहिले नव्हते. तलावातले शिंपले चिखलात रुतून एकेकटे राहतात. हे नखाएवढे होते आणि काळ्या धाग्यांनी एकमेकांना घट्ट धरून होते. ओढले की धागे कापड फाटल्यासारखे तुटायचे. त्याने मूठभर शिंपले पिशवीत घातले आणि दिग्रसच्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीच्या हाती तिच्या बाईंकडे पाठवले.

बाईंचं नाव आभा मुळावकर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आजोबा यवतमाळला वकील, वडील कचेरीत अव्वल कारकून. घरात मासा कधी शिजला नाही, आणि ही मात्र दहा वर्षं माशांची पोटं फाडून ते काय खातात ते लिहीत आली होती. पिशवी उघडल्याबरोबर तिने दोन जाणकारांना फोटो पाठवले. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. हा शिंपला इथला नाही, देशाबाहेरून आलेला आहे, बहुधा कुठून तरी आणलेल्या मत्स्यबीजाच्या पाण्यातून. एक मादी हजारोंनी पिल्लं सोडते, आणि ती डोळ्यांना न दिसता पाण्यात तरंगत फिरतात. एकदा तलावात बसला की त्याला काढता आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ते वर्ष दोन हजार सतराचं होतं. पाऊस मधेच ओढ देऊन गेला होता, पण कपाशी कधी नव्हे ती डोक्याच्या वर वाढली होती. तिच्यावर बोंडअळी आणि पांढरी माशी असं दोन्ही आलं होतं. शेतकरी आठवड्याला फवारणी करत होते, आणि उंच पऱ्हाटीवर मारलेला फवारा वाऱ्याने परत तोंडावर येत होता. केळापूरकडून, ढाणकीकडून रोज बातम्या यायच्या. फवारणारा माणूस शेतात पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, दवाखान्यात नेला. काही परत आले नव्हते.

अशा दिवसांत ग्रामपंचायतीत बैठक भरली. आभा स्कूटरवरून गेली होती. गावातले मोठे शेतकरी रामराव बोलायला उभे राहिले. तीस एकर कपाशी, सोयाबीन आणि तूर, बोलणं हळू आणि नेमकं. त्यांच्या शेताचं पाणीही त्याच जॅकवेलमधून जायचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कपाशीवर मारतो त्या औषधाचे दोन डबे जॅकवेलमध्ये ओतायचे, दोन दिवस मोटर बंद ठेवायची, शिंपले मरतील, मग पाणी वाहून जाऊ द्यायचं. अळी मरते त्याने, तर शिंपला काहून मरणार नाही. चार-पाच माना हलल्या. तीन दिवस बायांनी दोन किलोमीटरवरच्या हातपंपावरून पाणी आणलं होतं. कुणाला थांबायचं नव्हतं.

ज्या औषधाच्या वाऱ्याने माणसं पडत होती ते दोनशे घरांच्या पिण्याच्या पाण्यात ओतायची गोष्ट चालली होती, आणि तीही इतक्या शांतपणे. ती उठली आणि पुढचा विचार न करता म्हणाली, आपल्या तलावातले मासे हे शिंपले खातात, त्यांना वेळ द्या.

रामरावांनी विचारलं, "कोनता मासा खाते?"

तिने शिंगाळा म्हटलं, मांगूर म्हटलं. हे तलावाच्या तळाशी चरणारे मिशीवाले मासे, गोगलगायी खाणारे. इतकं खरं होतं. पण हा नवा शिंपला ते खातात की नाही ते तिने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. परदेशातल्या माशांवर झालेलं काम तिने वाचलं होतं, आणि त्यातही उत्तरं दोन्ही तऱ्हेची होती.

"पंधरा दिवस घ्या मॅडम," रामराव म्हणाले. "तवरोक पाइप बदलून काम भागवू. मंग मी औषध टाकतो."

स्कूटरवरून घरी येताना आभाच्या मनात एकच होतं. जे ठाऊक नव्हतं ते तिने ठाऊक असल्यासारखं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती श्रावणला भेटली. श्रावण भोई, पंचावन्नच्या आसपासचा. लहानपणापासून त्याच तलावात जाळं टाकत आला होता. तिने त्याला खरं काय ते सांगून टाकलं. श्रावण म्हणाला, शिंगाळा गोगलगाय फोडून खातो हे त्याने पाह्यलं होतं, पण या काळ्या जातीचं त्याला सांगता येत नाही. खाईल बी, नाही बी. मदत करायला मात्र तो तयार होता. तलावात औषध पडलं तर मासे जातील, आणि मासे गेले तर त्याच्या घरी काही उरणार नव्हतं.

दोघांनी मिळून सहा चपटे दगड निवडले, शिंपल्यांनी भरलेले. प्रत्येकावरचे शिंपले आभाने मोजले, दोनशेच्या आसपास. तीन दगड तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले, म्हणजे मासा आत शिरू नये. तीन उघडेच ठेवले. श्रावणने ते सगळे जॅकवेलच्या पाइपाच्या तोंडाजवळ, बारा फूट पाण्यात नेऊन ठेवले. पंधरा दिवसांत उघड्या दगडांवरचे शिंपले कमी झाले आणि पिंजऱ्यातले तेवढेच राहिले, तर खाणारा मासाच. नाही झाले, तर तिचं बोलणं खोटं.

पाचव्या दिवशी श्रावणने दगड वर आणले. आभाने काठावर बसून दोनदा मोजले. उघडे आणि झाकलेले, काहीच फरक नव्हता. एका उघड्या दगडावर तर मोहरीएवढी नवी पिल्लं बसून आकडा वाढला होता.

श्रावणने सांगितलं की आजकाल शिंगाळाच कमी झाला आहे. पावसाबरोबर शेतातलं औषध नाल्याने तलावात येतं, आणि नाल्याच्या तोंडाशी बारके मासे उलटे पडलेले दिसतात. मोठे शिंगाळे आहेत ते खोल पाण्यात, मोटरच्या आवाजाला भिऊन इकडे येत नाहीत. आभाने त्याला विचारलं, मोटर दिवसा कमी वेळ चालवली तर? भीमसिंग शेजारीच उभा होता, त्याने ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून तो सकाळीच टाकी भरून घ्यायचा आणि दिवसभर मोटर बंद ठेवायचा.

त्या आठवड्यात आभाची झोप उडाली. वर्गात शिकवताना मधेच तिला वाटायचं की रामराव पंधरा दिवस थांबणार नाहीत, आपण इथे फळ्यापुढे उभ्या आहोत आणि तिकडे डबा उघडला गेला आहे. दोनदा तिने भीमसिंगला उगाच फोन केला. दोन्हीदा तो म्हणाला, नाही मॅडम, डबे पंपाच्या खोलीतच आहेत. डबे तिथे येऊन पडलेत हे तिला त्या फोनवरूनच कळलं.

नवव्या दिवशी दगड वर आले तेव्हा श्रावणने पाण्यातूनच दगड पुढे धरला. उघड्या दगडावर मोकळ्या जागा पडल्या होत्या. बारीक शिंपले गेले होते आणि त्यांचे धागे तेवढे दगडाला चिकटून लोंबत होते. आभाने मोजलं. तिन्ही उघड्या दगडांवर निम्म्याहून कमी उरले होते. पिंजऱ्यातले जसेच्या तसे. श्रावणने सकाळच्या जाळ्यातला दीड हाताचा शिंगाळा तिच्यापुढे टाकला. तिने तिथेच गोणपाटावर त्याचं पोट उघडलं. आत काळ्या कवचांचा चुरा होता, वाळूसारखा करकरीत.

तिला रडू आलं. पण मग तिने उरलेले शिंपले पाहिले. नखाएवढा एकही हलला नव्हता. शिंगाळा लहान तेवढे खात होता. मोठ्यांचं कवच त्याला फुटत नव्हतं, आणि पाइपात बसले होते ते सगळे मोठे होते. शिवाय तिथे मासा पोचणारही नव्हता. हे रामरावांना कसं सांगायचं, ते तिला सुचेना.

सांगायची वेळ तेव्हा आलीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी कपिल पडला.

कपिल रामरावांचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. तो स्वतः फवारणी करायचा, मजुराला एकट्याने करू द्यायचा नाही. त्या दिवशी त्याने तलावाचं पाणी भरून ठेवलेल्या ड्रममधून पाठीवरचा फवारणीचा पंप भरला होता. दोन तासांनी पंपाचं नोझल तुंबलं. त्याने ते काढलं. भोकात मोहरीएवढा काळा शिंपला अडकला होता. त्याने नोझल तोंडाला लावलं आणि फुंकलं. सगळे तसंच करायचे. पुन्हा तुंबलं, पुन्हा फुंकलं. असं चार-पाचदा झालं असेल, मजुराने नंतर सांगितलं. दुपारी त्याला घाम फुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि तो पऱ्हाटीच्या ओळीतच गुडघ्यांवर बसला. दिग्रसला नेलं, तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. आई विमलताई त्याच्याजवळ राहिल्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात आणि नळीने श्वास चालू आहे, एवढंच गावात कळलं.

गाव घाबरून गेलं. तो शिंपला आता नुसता पाइपातला राहिला नव्हता. बायांनी पाणी तीन पदरी कापडातून गाळायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, तो पोटात गेला तर आत चिकटून वाढतो. आभाने असं होत नाही म्हणून सांगितलं, पण ऐकणाऱ्या माणसांच्या डोळ्यांकडे पाहून तिला समजलं की आता तिच्या शब्दाला वजन उरलेलं नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी अकराला भीमसिंगचा फोन आला. त्याचा आवाज दबलेला होता. पाणी पुन्हा थांबलं आहे. रामराव दवाखान्यातून थेट तलावावर आले आहेत. "मी मोटरचे फ्यूज काढून खिशात टाकले," तो म्हणाला, "पन त्याहिले धरनं माह्याच्यानं होत नाई. तुमी या."

आभा पोचली तेव्हा जॅकवेलच्या गोल स्लॅबवर रामराव उभे होते. अंगावर चार दिवसांचा तोच सदरा. पायाशी दोन डबे, त्यातल्या एकाचं झाकण निघालेलं. स्लॅबमधलं, विहिरीत उतरायचं लोखंडी दार उघडं होतं, आणि औषधाचा कडवट, लसणासारखा वास काठापर्यंत येत होता. पाच-सात माणसं लांब उभी होती. कुणी पुढे होत नव्हतं. श्रावण एका बाजूला खरवडायची पहार घेऊन उकिडवा बसला होता.

रामरावांनी तिला पाहिलं. ओरडले नाहीत.

"सांगा मॅडम," ते म्हणाले, "खातात का मासे?"

खातात, सगळे खातात, असं म्हणून टाकावं असं तिला वाटलं. त्याने कदाचित ते थांबले असते. पण एकदा न पाहता बोलून तिने पंधरा दिवस भोगले होते.

"लहान खातात, मोठे नाही खात," ती म्हणाली. "पाइपातले मोठे आहेत, ते हातानंच खरवडावे लागतील. मासे असले तर नवे कमी बसतील, एवढंच होईल. तुम्ही हे ओतलं तर आधी मासे मरतील. शिंपला तोंड मिटून दिवसच्या दिवस बसून राहतो रामरावजी, त्याला काही होणार नाही. माशाला आणि माणसाला तसं मिटून बसता येत नाही."

रामरावांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. ते वाकले आणि उघडा डबा दोन्ही हातांनी उचलला. "ह्यानं माह्या पोराच्या तोंडात औषध घातलं," ते म्हणाले. शिंपल्याबद्दलच म्हणाले.

तेव्हा श्रावण उठला. कुणाशी काही न बोलता तो त्यांच्या शेजारून गेला, उघड्या दारातून आतल्या शिडीवर पाय ठेवला आणि पहारीसह खाली उतरायला लागला. आधी खांदे दिसेनासे झाले, मग डोकं. खालून पाण्याचा आवाज आला. मग लोखंडावर पहार घासल्याचा आवाज, एकसारखा.

"श्रावण, वर ये," रामराव म्हणाले.

आतून आवाज घुमत आला. "मी खरवडून राह्यलो. तुमाले टाकाचं असन तं टाका."

डबा दाराच्या कडेवर तिरपा झाला होता. रामराव खाली अंधारात पाहत होते, आणि त्यांच्या हातांची थरथर डब्यात उतरून औषध हिंदकळत होतं. बरंचसं स्लॅबवर सांडलं. ते पांढरट पाणी उताराने दाराच्या भोकाकडे निघालं, सावकाश, बोटभर रुंद. आभा धावली. तिने ओंजळीने काठावरची कोरडी माती उपसून त्या ओघळापुढे टाकली, पुन्हा उपसली, पुन्हा टाकली. भीमसिंगने गोणपाट आणून वर दाबलं. ओघळ भोकापासून वीतभर अंतरावर मातीत जिरला. कुणीतरी रामरावांच्या हातून डबा घेतला. त्यांनी तो सहज देऊन टाकला आणि स्लॅबवरच खाली बसले. पहारीचा आवाज आतून येतच होता.

मग आभाला आपले हात दिसले. कोपरापर्यंत ओल्या मातीने भरलेले.

भीमसिंगने तिला तिच्याच स्कूटरवर मागे बसवून हातपंपावर नेलं आणि साबणाची अख्खी वडी संपेपर्यंत हात धुवायला लावले. त्याच्या बायकोने तिला आपलं झंपर-लुगडं दिलं आणि तिचे कपडे काठीने उचलून बाजूला टाकले. दुपारभर ती त्यांच्या ओसरीवर बसून राहिली. दर थोड्या वेळाने स्कूटरच्या आरशात डोळ्याची बाहुली पाहायची. लहान झाली का? मघाशी एवढीच होती का? घाम आला की तो उन्हाचा की औषधाचा ते कळेना. एकदा मळमळलं आणि ती उलटी करून आली. भीमसिंगने गाडी सांगून तिला दिग्रसच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं, दर दोन तासांनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं. घरी आल्यावरही आठवडाभर तिने उजव्या हाताने घास घेतला नाही, चमच्याने जेवली.

दोन्ही डबे तालुक्याच्या कृषी कार्यालयात जमा झाले. जॅकवेल आठ दिवस बंद राहिली. श्रावण आणि आणखी चार भोई आळीपाळीने आत उतरले आणि पाइपाचं तोंड, जाळी, भिंत, सगळं खरवडलं. चार बैलगाड्या शिंपले निघाले. ते तलावापासून लांब खड्ड्यात पुरले. शिंगाळा जॅकवेलच्या आसपास धरायचा नाही असं भोयांच्या सोसायटीने ठरवलं. रामराव त्या कामावर रोज येऊन लांब बसायचे. एक दिवस श्रावण वर आला तेव्हा त्यांनी त्याला आपल्या हाताने चहा दिला.

कपिल एकोणीस दिवसांनी घरी आला. चालता यायचं, पण हात कापायचे, आणि बारीक अक्षर त्याला आता दिसत नव्हतं.

दिवाळीनंतर एके दुपारी विमलताई कॉलेजात आल्या. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून आत आल्या आणि पिशवीतून काचेची बाटली काढली. घरच्या नळाचं पाणी होतं, गाळलेलं. हे कपिलला पाजू की नको, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पाणी नितळ दिसत होतं. आभाने बारीक जाळीतून ते गाळलं, जाळीवर उरलेला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चार पारदर्शक पिल्लं पोहत होती.

उकळून द्या, ती म्हणाली, उकळल्यावर भीती नाही.

विमलताईंनी स्वतः पाहायचं म्हटलं. त्या एक डोळा मिटून बराच वेळ वाकून राहिल्या. मान न उचलता त्यांनी विचारलं, "हे जाईन का कधी?"

"नाही," आभा म्हणाली.

"मंग एवढ्या बारक्याले कोन खाते?"

माशांची पिल्लं खात असावीत असं आभाला वाटत होतं. पण तिने ते अजून पाहिलं नव्हतं, आणि तेच तिने सांगितलं. विमलताईंनी मान हलवली. बाटली पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि विचारलं की पुढच्या सोमवारी बाटली घेऊन आलं तर चालेल का.